लिलावातल्या ८७ नाण्यांना किती द्यावेत?

अर्धाआणा:
नमस्कार मंडळी. इथे तीनेक वर्षं वाचनमात्र होतो. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

एका ऑनलाइन लिलावात पुढच्या रविवारी एक लॉट आहे. 'जुन्या घराण्यातील संग्रह', एवढंच वर्णन. एकूण ८७ नाणी, सगळी एकगठ्ठा, सुटी देणार नाहीत. अंदाजे किंमत ६० ते ८० हजार आणि बोली ४० हजारांपासून. फोटो पाच. त्यातल्या तीन फोटोंत नाणी रमीच्या पत्त्यांसारखी एकावर एक पसरलेली आहेत.

मोजून-मोजून मला जे दिसलं ते असं. राणी छाप रुपये ५, एडवर्डचे २, पंचम जॉर्जचे ६ (त्यात एक १९११ चा), गोव्याचा एक रुपिया. सहाव्या जॉर्जचे १९४० नंतरचे रुपये ८, आणि एक १९३९ चा, हो, तोच दुर्मिळ १९३९! एक अंकुशी रुपया (अंकुशाची खूण असलेला, मराठेशाहीतला). स्वतंत्र भारताची दहा रुपयांची नाणी, गांधी शताब्दीचं १९६९ चं एक आणि स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाची १९७२ ची दोन. शिवराया (मराठेशाहीतले तांब्याचे पैसे) ३०. वाघाचा निकेलचा रुपया १९४७ चा एक. 'कंपनी सरकारचं १८१८ चं रामदरबार नाणं' एक. उरलेली २८ म्हणजे ढब्बू, भोकाचे पैसे, एक आणे, चवल्या असा खुर्दा.

मी ६५ हजारांपर्यंत जायची तयारी ठेवली आहे. जाणकारांनी सांगावं, बरोबर आहे का?

मंगळवारपेठी:
६५ हा आकडा कुठून काढलात?

अर्धाआणा:
खरं सांगू? ६० ते ८० वाचलं, आणि मधल्यापेक्षा जरा खालचा धरला.

मंगळवारपेठी:
वाटलंच. म्हणजे विकणाऱ्याने तुमच्या कानात आकडा सांगितला आणि तुम्ही त्यातून पाच हजारांची घासाघीस केली, तीसुद्धा स्वतःशीच. आम्ही जुन्या बाजारात पोत्यावर बसलेल्या माणसाकडून नाणी घ्यायचो, तेव्हा पहिला नियम हा की हवं ते नाणं आधी उचलायचं नाही. बाजूचं कळकट काहीतरी उचलायचं, नाक मुरडायचं आणि मग 'आणि हे केवढ्याला?' असं विचारायचं. ऑनलाइनमध्ये चेहरा दिसत नाही हे बरंय, पण आकडा आधी समोरच्याने बोलायचा ही सोय त्यांनी करून घेतलीय.

कागद घ्या. अंदाजे किंमत झाकून ठेवा. एकेक नाणं लिहा.

हिशोबी_काकू:
कागद मी घेतलाय. ३१ वर्षं बँकेत कॅशियर होते, नाणी मोजायचा कंटाळा मला येत नाही.

आधी चांदी. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. राणी, एडवर्ड, पंचम जॉर्ज हे सगळे याच वजनाचे. गोव्याचा रुपियाही याच मापाचा धरते, चुकत असेन तर गोवेकरांनी सांगावं. असे १४, म्हणजे साधारण १५० ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्मी झाली, तेव्हा सहाव्या जॉर्जच्या आठांचे ५.८३ प्रमाणे ४६.६ ग्रॅम. १९६९ चे दहा रुपये १५ ग्रॅमचे, ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. १९७२ चे साडेबावीस ग्रॅमचे, पण ५० टक्के, दोनांचे मिळून साडेबावीसच. एकूण २३०.८ ग्रॅम.

चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून गणित सोपं जावं यासाठी मी ग्रॅमला १०० रुपये धरलेत. ज्या दिवशी बोली लावाल त्या दिवसाचा घाला. १०० ने २३,०८० होतात. सराफ मोडीत घेताना यातूनही कापेल, पण तुम्ही मोडायला घेत नाही आहात.

आता चांदीवर काय चढतं ते. १९११ ला ३,००० जास्त. अंकुशीला एकूण २,०००. रुपियाला चांदीच्या वर २,५००. बाकी बारा रुपयांना बरी स्थिती म्हणून वरचे दीडशे, १,८०० झाले. राणी छापातला एखादा बरा निघाला तर म्हणून ५००. शिवराया ४० प्रमाणे १,२००. खुर्दा १५ प्रमाणे ४२०. वाघ १५०. १९३९ चा सध्या निम्म्या चांदीच्या भावात ६००. रामदरबार शून्य.

एकूण ३५,२५०.

अर्धाआणा:
काकू, रामदरबार शून्य?? आणि १९३९ ला फक्त ६००?

हिशोबी_काकू:
हो. पुढचं वाचा, अजून कापायचंय.

लॉटच्या अटी उघडून पाहिल्यात का? हातोडा पडला त्या किमतीवर खरेदीदाराचं कमिशन, त्यावर कर, मग पोस्टेज आणि विमा. तुम्ही दिलेल्या लिंकवर सगळं धरून साधारण २० टक्के होतात आणि कुरियर ७५०. तेव्हा ३५,२५० मधून ७५० वजा, उरले ३४,५००, त्याला १.२ ने भागा. २८,७५०. तुमची बोली इथे थांबते. आणि ती ४० पासून सुरू होतेय.

हवेतली_तलवार:
माझ्याकडे वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर १० लाख म्हणतात. इथे कोणी घेणार का?

मंगळवारपेठी:
दुकानात न्या. पाच रुपयांची कोथिंबीर मिळेल. ते २०१२ सालचं, ढिगाने पाडलेलं नाणं आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये मुद्दाम पत्रक काढून सांगितलं होतं की जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणून आमच्या नावाने कमिशन नि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा. आगाऊ 'प्रोसेसिंग फी' मागितली की समजायचं.

भोकाचा_पैसा:
रामदरबाराबद्दल मी सांगते. ईस्ट इंडिया कंपनीने देवादिकांची चित्रं असलेली अशी नाणी पाडलीच नाहीत. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला 'यूकेएल, वन आना, १८१८' असली जी पितळी-तांब्याची चकती फिरते ती अलीकडची बनावट. देवघरात ठेवा, पण लॉटमध्ये किंमत धरू नका. उलट मी तर म्हणेन, ज्या विकणाऱ्याला हे ओळखता येत नाही किंवा ओळखून लपवायचंय, त्याच्या बाकीच्या वर्णनाकडेही त्याच नजरेने बघा.

शिवरायांचं वेगळं दुखणं आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', म्हणून सगळ्याच 'शिवाजी महाराजांच्या काळातील' म्हणून विकतात. हाच मजकूर महाराजांनंतरही पुढे कितीतरी वर्षं पाडला जात होता. दुदांडी (दोन रेघांच्या) शिवराया तर पेशवाईतल्या, आणि इंग्रजी अमलातसुद्धा गावोगावी शिवराई चालत होतीच. अक्षरांचं वळण, मजकुराची मोडणी, ओळीखालच्या रेघा, टिंबं यावरून फरक लावतात, आणि ते एकावर एक पसरलेल्या फोटोंत दिसत नाही. तीस शिवरायांच्या ढिगात एखादी चांगली असूही शकते. पण ती दिसल्याशिवाय तिचे पैसे द्यायचे नाहीत. मी नाशिकची, अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत जाऊन तासन्‌तास शिवराया बघत बसले आहे, तरी अजून दहातल्या सहा मला लावता येत नाहीत.

(सोन्याचा शिवराई होन ५ हजारात देतो म्हणणारे पण याच साइटवर आहेत. त्यावर वेगळा धागा काढीन म्हणते.)

म्हापसेकर:
काकूंचं बरोबर. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात करार झाला, त्यानंतर गोव्याचा रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा झाला. १८८१ आणि १८८२ चे लुईस राजाचे रुपिया बरेच दिसतात. वर्ष कोणतं आहे? १९१२ चा, प्रजासत्ताक आल्यानंतरचा असेल, तर किंमत वेगळी. आणि कडा नीट बघा. आमच्याकडे अर्धे रुपिया बायकांच्या गळ्यातून आलेले असतात. हुक झाळून काढला तरी वरच्या बाजूला डाग राहतो. झाळलेल्या नाण्याला मी चांदीचेच पैसे देतो, माझ्या आजीचं असलं तरी.

अर्धाआणा:
वर्ष १८८२ वाटतंय. कडा दिसत नाही.

ठोकबोली:
मी सात वर्षं हा धंदा केला आणि सोडला, त्यामुळे बोलायला मोकळा आहे. दुकानदार असा लॉट कसा घेतो ते सांगतो. तो ८७ नाणी लिहीत बसत नाही. वरची चार-पाच नाणी बघतो, जी महिन्याभरात विकली जातील. त्यांची विक्री धरतो, त्याच्या साठ टक्क्यांत अख्खा लॉट बसला पाहिजे. बाकीची ऐंशी त्याला फुकट पडतात. खुर्दा मग किलोवर किंवा 'मिक्स लॉट' म्हणून तुमच्यासारख्यालाच पुन्हा विकतो. तेव्हा लॉटच्या किमतीत तुमची स्पर्धा या माणसाशी आहे. त्याच्यापेक्षा तुम्ही थोडं जास्त देऊ शकता, कारण तुम्हाला विकायचं नाही. पण दुप्पट देत असाल तर दुसरा कोणीतरी चुकतोय आणि तो बहुतेक दुकानदार नसतो.

आणि विक्रीचा भाव म्हणजे कुठला? वेबसाइटवर लोकांनी टांगलेला नाही. टांगलेला म्हणजे न विकलेला. मोठ्या लिलावगृहांच्या साइटवर जुन्या लिलावांचे निकाल असतात, हातोड्याची किंमत दिलेली असते. तेच नाणं, तीच टांकसाळ, साधारण तीच स्थिती, असे चार-पाच निकाल काढा आणि त्यातला सर्वांत वरचा सोडून द्या. तो दोन हट्टी माणसांचा भाव असतो.

हिशोबी_काकू:
राणी छाप पाचमध्ये १८६२ चे किती? १८६२ सनाचेच रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडत होते, सन तोच ठेवून. मुंबईच्या टांकसाळीने तारखेच्या वर-खाली टिंबं दिली, त्यावरून खरं वर्ष काढतात. टिंबांची संख्या बघून भाव बदलतो. माझे ५०० तिथले आहेत.

अर्धाआणा:
दोन १८६२ चे. पण फोटोत फक्त राणी दिसते, तारखेची बाजू खाली आहे. :(

मंगळवारपेठी:
मग ते ५०० पण काढा, काकू.

अर्थाअर्थी:
मी नाणी गोळा करत नाही, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

१९७१ साली केपन, क्लॅप आणि कँपबेल या तीन अभियंत्यांनी एक निबंध लिहिला. मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या पट्ट्यांसाठी कंपन्या बंद पाकिटातून बोली लावत, आणि जिंकणाऱ्यांची कमाई मात्र सुमार असे. कारण साधं आहे. जमिनीखाली तेल किती, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही, प्रत्येकाचा अंदाज. दहा अंदाजांतला सर्वांत वरचा अंदाज बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि लिलाव नेमका त्याच माणसाला पट्टा देतो. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. बोली लावणारे जितके जास्त, तितकी तुमची बोली खाली आणायला हवी. लोक उलट करतात. गर्दी बघून चढतात.

तुमच्या लॉटमध्ये तेल म्हणजे तो १९३९ चा रुपया. काकूंच्या ३५ हजारांत आणि विकणाऱ्याच्या ६०-८० मध्ये जो खड्डा आहे तो त्या एका नाण्याने भरलाय. बाकी ८६ नाणी म्हणजे वेष्टन.

अर्धाआणा:
हे मात्र अगदी खरं आहे. मला रात्री झोपताना तोच दिसतो. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे ना पण? खरा असेल तर?

अर्थाअर्थी:
चला, गणितच करू. खरा असला तर लाख रुपये धरू, आकडा मनचा आहे. खरा असायची शक्यता दहात एक धरू. म्हणजे दहा हजार. काकूंच्या ३५,२५० मध्ये ते मिळवले की ४५,२५०, त्यातून कुरियर वजा, १.२ ने भागले, ३७ हजार होतात. अजूनही ४० च्या खाली.

मंगळवारपेठी:
दहात एक कुठून आणलंत, मास्तर? खरा असता तर विकणाऱ्याने तो ८७ च्या गठ्ठ्यात घातला असता का? १९३९ चा रुपया नाणेवाल्यांत कोणाला ठाऊक नाही? खऱ्याला लोक डबीत घालून, प्रमाणपत्र करून, स्वतंत्र लॉट आणि पानभर फोटो देऊन विकतात. गठ्ठ्यात आला याचाच अर्थ कोणीतरी सुटा विकायचा प्रयत्न करून हात टेकलेत. १९३८ चा रुपया सहज मिळतो. त्यातल्या शेवटच्या ८ चा ९ करायला हात चालणारा एक कारागीर पुरे. माझ्याकडे असे दोन आहेत, १९८० च्या दशकात हौसेने घेतलेले. मुलांना दाखवायला बरे पडतात.

अर्थाअर्थी:
मुद्दा मान्य. विकणाऱ्याला जास्त ठाऊक असतं, आणि त्याने नाणं कुठे ठेवलं हीच माहिती. शक्यता पन्नासात एक करतो.

हिशोबी_काकू:
पन्नासात एक म्हणजे दोन हजार. माझे ६०० धरूनच बसा.

सराफकट्टा:
तपासायचं कसं ते सांगतो, पेढीवर रोज करतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण पेल्याच्या तळाला आणि कडेला लागू देऊ नका. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने हटवलेल्या पाण्याचा. ९१.७ टक्क्यांच्या ११.६६ ग्रॅमच्या रुपयाला साधारण १.१३ आला पाहिजे. निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या आसपास. त्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरच्या नकली नाण्याला १.३० च्या वर जातो. नाणं झिजलेलं असेल तर आधी त्याचं वजन करा आणि प्रमाण लावा. दोऱ्याला बुडबुडा चिकटला असेल तर झटका.

पण काका म्हणतात तसा १९३८ चा ९ केलेला असेल तर धातू खराच, काटा काही सांगणार नाही. तिथे भिंगाखाली आकड्याच्या भोवतीची जमीन बघायची. खरवडलेली असेल तर चमक वेगळी दिसते.

चुंबकाबद्दल एक. वाघाचा १९४७ चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. घाबरू नका, तो तसाच असतो. चांदीचा चिकटला तर घाबरा.

एडिसनकर:
मी न्यू जर्सीत असतो. असे लॉट मलाही घ्यायचे असतात, भारतातून मागवता येतील का? इथे तर लिलावांत स्थितीनुसार शेल्डनच्या मापाने १ ते ७० गुण दिलेली, डब्यांतली भारतीय नाणी दिसतात.

भोकाचा_पैसा:
१९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं आणि त्याहून जुनं नाणं 'पुरावशेष' धरलं जातं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे राणी, एडवर्ड, शिवराई, अंकुशी, सगळं गेलं. पंचम जॉर्जचे जुने पण आता त्यात आले, आणि दरवर्षी एकेक वर्ष आत येतंय. कुरियरच्या फॉर्मवर 'कॉपर डिस्क' लिहून पाठवणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आधीपासून परदेशात असलेली नाणी तिथल्या लिलावात घ्या.

आणि अर्धाआणा, 'जुन्या घराण्यातील' च्या ऐवजी वर्णनात 'शेतात सापडलेली' असं काही असेल तर लांब राहा. जमिनीत सापडलेल्या निधीला १८७८ चा कायदा लागतो, दहा रुपयांच्या वरचा निधी सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

एडिसनकर:
धन्यवाद ताई. म्हणजे आईला डब्यातून पाठवायला सांगायचा बेत रद्द.

तिरपागडा:
इथे सगळे हिशोबाचं बोलतायत. हौसेला मोल नसतं हो. आवडलं तर घ्या. ६५ काय आणि ३५ काय, सिनेमा-हॉटेलात याहून जास्त उडतात.

हिशोबी_काकू:
हौसेला मोल असावं की! मी तर वेगळी रेघ ओढते. हिशोबाखाली 'हौस' असं लिहून जो आकडा द्यायचा तो आधीच टाकायचा. मी हजार टाकते. बोली चालू झाल्यावर टाकायचा नाही, इतकंच.

अर्थाअर्थी:
बोली कशी लावायची यावर थोडं. साइट 'कमाल बोली' घेते का, म्हणजे तुम्ही वरचा आकडा आधीच देऊन ठेवायचा आणि ती तुमच्या वतीने एकेक पायरी चढते? असेल तर तुमचा खरा आकडा एकदाच टाका आणि जेवायला जा. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरीच जास्त द्यावी लागते, त्यामुळे खरा आकडा सांगण्यात नुकसान नाही. व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच ही बाब मांडली होती.

ठोकबोली:
मास्तर, पुस्तकात ठीक. प्रत्यक्षात चार दिवस आधी कमाल बोली टाकली की नवखे तिला 'धडका' मारून बघतात, कुठपर्यंत आहे म्हणून. आणि दुसरं कोणी भिडतंय हे दिसलं की त्यांना वाटतं, याला काहीतरी दिसलंय. मी शेवटच्या मिनिटात टाकायचो. पण आता बऱ्याच ठिकाणी शेवटच्या मिनिटात बोली आली की वेळ वाढतो, त्यामुळे तोही डाव संपला. तेव्हा आकडा कागदावर, कागद बायकोकडे. माझा अनुभवाचा उपाय हाच.

मंगळवारपेठी:
माझी तर बायकोच जास्त चढवायची. 'घ्या हो, आता एवढं आलात तर.' गेली बिचारी, पण अर्धा संग्रह तिच्या त्या वाक्याचा आहे.

अर्धाआणा:
काका. :)

अपडेट देतो. विकणाऱ्याला संदेश पाठवला. चार गोष्टी मागितल्या: १९३९ च्या तारखेचा जवळून फोटो आणि वजन, रुपियाची कडा, १८६२ च्या दोन्हीची दुसरी बाजू, शिवराया सुट्या मांडून. उत्तर आलं: 'जसे आहे तसे. परत घेतले जाणार नाही. प्रत्यक्ष पाहणी नाही.' आणि खाली, 'खूप चौकशा येत आहेत, चुकवू नका.'

सराफकट्टा:
वजनसुद्धा नाही? काटा हजार रुपयांत येतो.

भोकाचा_पैसा:
तारखेचा फोटो मागितल्यावर जो देत नाही त्याने उत्तर दिलेलंच आहे.

हिशोबी_काकू:
आता दोन ओळी अजून कापा. रुपियाचे वरचे २,५०० काढा, म्हापसेकरांनी सांगितलं ना, कडा दिसत नाही तर झाळलेला धरा. १८६२ चे ५०० काढा. ३२,२५० राहिले. १९११ ठेवते. त्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून १९१२ मध्ये बदलला, आणि फोटोत तो 'डुकराचा' हत्ती स्पष्ट दिसतोय. तुमची बोली २६,२५० ला थांबते.

अर्धाआणा:
म्हणजे लावायचीच नाही.

मंगळवारपेठी:
रविवारी संध्याकाळी पिच्चरला जा.

अर्धाआणा:
(सोमवार) पिच्चरला गेलो नाही. लॅपटॉपसमोर बसलो. कागद समोर होता. ४० ला सुरू झाली, पहिली दहा मिनिटं कोणीच नाही आणि मला इतका मोह झाला की काय सांगू, वाटलं ४० ला मीच घेऊन टाकतो, कोणाला नकोय म्हणजे स्वस्तात जाईल. मग एकाने घातली. मग दुसऱ्याने. दोघंच शेवटपर्यंत. ६१ हजारांना गेला. कमिशन धरून ७३ च्या वर.

मी एकही बोली लावली नाही. रात्री जेवण गेलं नाही हेही खरं.

ठोकबोली:
दोघांतला एकही दुकानदार नव्हता, लिहून देतो.

तिरपागडा:
किंवा त्यांना १९३९ खरा आहे हे कळलं असेल आणि तुम्ही इथे कागद खरडत बसलात. :D

मंगळवारपेठी:
असेल. मग त्याचं अभिनंदन.

अर्धाआणा:
धागा वर काढतोय, सात आठवड्यांनी.

परवा दुसऱ्या एका साइटवर अंकुशी रुपया दिसला. खालच्या बाजूला, घड्याळात पाच असतो त्या ठिकाणी, खरवडल्याची तिरकी खूण, ती मला पाठ होती. तोच आहे. सुटा, आणि या वेळी दोन्ही बाजूंचे फोटो, वजन ११.१ ग्रॅम लिहिलेलं. त्याच विक्रेत्याच्या पानावर खाली स्क्रोल केलं तर शिवराया दहा-दहाच्या पुड्यांत, १९११ चा वेगळा, रुपिया वेगळा (कडेवर वरच्या बाजूला डाग आहे, म्हापसेकर!). आणि सगळ्यात शेवटी '१९३९ चा रुपया, खात्री नाही, तपासून घ्यावा, सुरुवात ९९९'.

अंकुशीला मी काकूंचे २,००० आणि हौसेचे ५०० लिहिले होते. पोस्टेज-बिस्टेज धरून २,४४० ला पडला. आज आला.

म्हापसेकर:
डाग असणारच. आजीची शपथ.

हिशोबी_काकू:
हौसेतले साठ वाचले, पेढे घ्या. आणि १९३९ ला हात लावू नका.

भोकाचा_पैसा:
फोटो डकवा की. हाताने ठोकलेल्या नाण्यात ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून प्रत्येकावर वेगळाच तुकडा उमटतो. अंकुश पूर्ण आलाय का? सन दिसतोय?

अर्धाआणा:
डकवतो, उजेड आला की. अंकुश पूर्ण आहे. सनाचा एकच आकडा आलाय, बाकीचे चकतीच्या बाहेर गेलेत.